पेन्शन सुरू होईपर्यंतचे महिने

माझे पती भूदलात नाईक होते. सतरा वर्षे नोकरी करून २०१८ मध्ये ते पेन्शनवर आले तेव्हा त्यांचे वय सदतीस होते, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये रात्रपाळी करून घरी परतल्यावर हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. त्यांचे पेन्शन थांबल्यापासून माझ्या नावाचे कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होईपर्यंत मध्ये जो काळ गेला, त्याविषयी हे लिहीत आहे. त्या काळात आमचा हक्क कोणी अमान्य केला नाही, की कोणत्या खिडकीवरून आम्हांला हाकलून लावले नाही. पैसा होता आणि तो आमचाच होता. मात्र तो हातात पडायला जेवढा वेळ लागणार होता, तेवढा वेळ तग धरण्याची ऐपत नाईकाच्या घरात नसते.

हे नीट कळायचे तर आधी आमचा हिशेब सांगायला हवा. फौजेला तरुण माणसे लागतात, त्यामुळे शिपाई, नाईक, हवालदार ही मंडळी पस्तिशी-चाळिशीतच घरी येतात. मुलांच्या शिक्षणाचा खर्च ज्या वयात वाढू लागतो, नेमके त्याच वयात जवानाचे उत्पन्न निम्म्यावर येते. यांचे शेवटचे मूळ वेतन आणि ५२०० रुपयांचे सैनिकी सेवा वेतन मिळून रक्कम बेचाळीस हजारांच्या आसपास होती, म्हणजे मूळ पेन्शन एकवीस हजार. (सोयीसाठी सगळीकडे गोल आकडे देत आहे.) त्यातला निम्मा हिस्सा त्यांनी कम्युट केला, पुढच्या १५ वर्षांचे अर्धे पेन्शन सोडून त्याबदली सुमारे साडेअकरा लाख रुपये एकरकमी घेतले. बाहेरून पाहणाऱ्याला हा उतावळेपणा वाटतो. पण क्वार्टर सोडायचे आहे, गावी वडिलोपार्जित घरात भावांची कुटुंबे आहेत आणि मुलांची शाळा नागपुरात आहे, अशा माणसाने डोक्यावर छप्पर आणायचे कोठून, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही.

ते पैसे नारी नावाच्या वस्तीच्या पुढे एका प्लॉटमध्ये आणि त्यावरच्या दोन खोल्यांमध्ये गेले. मंजुरीविना पडलेल्या ज्या लेआउटांना नागपुरात सरसकट ‘१९०० लेआउट’ म्हणतात, त्यांपैकी एकात तो प्लॉट होता. गुंठेवारी कायद्याखाली नियमित झाल्याचे आरएल पत्र हाती नसले की बँक गृहकर्ज देत नाही. त्यामुळे माती, विटा, गिलावा, टिनाचे शेड, सगळे रोखीने झाले आणि शिल्लक काही राहिली नाही. त्यानंतर दरमहा घरात येत होते ते कम्युटेशन वजा जाता साडेदहा हजार, आणि महागाई भत्ता पूर्ण मूळ पेन्शनवर मिळत असल्याने जानेवारी २०२२ मध्ये हाती पडत असलेल्या ३१ टक्के दराने आणखी साडेसहा हजार, म्हणजे एकूण सतरा हजार. त्याच्या जोडीला एका कंत्राटदाराकडे बारा तासांची सुरक्षारक्षकाची नोकरी होती, तिचे अकरा-बारा हजार. फौजेच्या कॅन्टीनमधून तेल, साबण, चहा स्वस्त मिळायचा. या तीन पायांवर घर उभे होते आणि तिन्ही पाय एकाच माणसाच्या नावावर होते.

ते गेले आणि तिन्ही एकाच आठवड्यात गेले. कंत्राटदाराने त्या महिन्याचे भरलेल्या दिवसांचे पैसे दिले आणि विषय संपवला. कॅन्टीन कार्ड त्यांच्या नावाचे, ते बंद झाले. पेन्शनचे काय होते, ते बँकेत गेल्यावर कळले.

फेब्रुवारीचे पूर्ण पेन्शन महिनाअखेर खात्यात जमा झाले होते आणि त्यातून मी तेरवीचा खर्च केला होता. मार्चच्या पहिल्या आठवड्यात धाकट्या दिरांना घेऊन मी मृत्यूचा दाखला बँकेत दिला. काउंटरमागच्या बाईंनी तो पाहिला, संगणकात काही टाइप केले आणि खात्यावर होल्ड लावला. मृत्यूच्या दिवसापर्यंतचेच पेन्शन देय असते, त्यापुढच्या दिवसांचे जास्त गेलेले पैसे परत घ्यावे लागतात, असा नियम त्यांनी सांगितला. नियम योग्यच आहे, त्याविषयी माझी तक्रार नाही. पण खाते आमच्या दोघांचे होते आणि त्यात माझे शिवणकामाचे थोडे पैसेही होते, तेही अडकले. नंतर त्या बाईंनी पीपीओची प्रत उलटीसुलटी पाहिली आणि म्हणाल्या, “ताई, यावर बायकोचं नाव वेगळं आहे. आधारवरचं नाव हे नाही. आम्हाला काही करता येत नाही.”

पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, हा त्या घरातला सर्वांत मोलाचा कागद. त्यांच्या काळ्या पेटीत, जिच्या झाकणावर पांढऱ्या रंगाने त्यांचा नंबर, हुद्दा आणि नाव लिहिलेले आहे, त्या पेटीत डिस्चार्ज बुकच्या शेजारी प्लॅस्टिकच्या पिशवीत तो ठेवलेला असे. कुटुंब निवृत्तिवेतन कोणाला मिळणार, ते नाव त्यावर आधीच छापलेले असते. नाव जुळले तर काम सोपे असते: मृत्यूचा दाखला, अर्ज, ओळखीची कागदपत्रे, आणि थोड्याच दिवसांत पैसे सुरू. आमच्या पीपीओवर माझे माहेरचे नाव होते. लग्नानंतर युनिटमध्ये नोंद करायला त्यांनी पुरावा म्हणून लग्नपत्रिका जोडली होती आणि पत्रिकेत ‘चि. सौ. कां.’च्या पुढे माहेरचेच नाव असणार. लग्नात नाव बदलले. पुढे आधार, पॅन, रेशनकार्ड, बँक सगळे बदललेल्या नावाने झाले. फौजेच्या दप्तरात मात्र मी लग्नाच्या आदल्या दिवशी होते तशीच राहिले. जन्मतारखेचे आणखी निराळेच होते. दप्तरात जी तारीख होती ती शाळेच्या टीसीवरच्या तारखेशी जुळत नव्हती आणि ती कोणी, कशावरून लिहिली, ते सांगणारे माणूस उरले नव्हते.

विदर्भात, आणि बहुधा महाराष्ट्रभर, जवानांच्या घरी हे सर्रास घडलेले आहे. अधिकाऱ्यांच्या घरी असा घोळ होत नाही असे मी म्हणणार नाही, पण त्यांच्या हाताखाली कागद पाहणारी माणसे असतात. नाईक सुटीवर येतो तेव्हा त्याच्याजवळ मोजके दिवस असतात आणि त्यांत शेत, आईवडिलांचे दुखणे, बहिणीचे लग्न, घराचे पत्रे हे सगळे उरकायचे असते. बायकोचे नाव दुरुस्त करणे त्या यादीत कधी येतच नाही, कारण त्यावाचून कोणाचे काही अडलेले नसते.

शेजारच्या एका निवृत्त सुभेदार साहेबांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जायला सांगितले. या कार्यालयाचे नाव मी ऐकले होते ते ७ डिसेंबरच्या ध्वजदिनापुरते. तेथे माझ्यासारखीचे काही काम असेल, हे ठाऊक नव्हते. तेथल्या कल्याण संघटकांनी, जे स्वतः माजी सैनिक होते, सगळे कागद टेबलावर पसरले, एकेकावर पेन्सिलीने खूण केली आणि माझ्याकडे न पाहताच बोलू लागले. “वहिनी, बँकेत आता जाऊ नका. बँक काही करू शकत नाही. पीपीओ बदलून आणायचा त रेकॉर्ड ऑफिसकडूनच येईल. आपण इथून पत्र जोडून पाठवू.” काय काय लागेल ते त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतले. मुलीच्या वहीचे ते पान मी अजून ठेवले आहे: पीपीओ व डिस्चार्ज बुकच्या प्रती, मृत्यूचा दाखला, शाळेची टीसी, आधार, पॅन, दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र, गावच्या ग्रामपंचायतीचा दाखला, फोटो. शेवटच्या ओळीखाली त्यांनी स्वतः दोन रेघा मारल्या: ‘प्रतिज्ञापत्र जेएमएफसीसमोर. नोटरी नको.’

प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचे प्रतिज्ञापत्र म्हणजे वकील आला, त्याची फी आली, न्यायालयात नंबर लागेपर्यंत उभे राहणे आले. नोटरीकडे तेच काम काही शे रुपयांत उरकते, त्यामुळे दिरांचा आग्रह नोटरीचा होता. मी पानावरच्या रेघा दाखवल्या आणि तो वाद मिटला. तरीही आमची फाइल एकदा परत आलीच. रेकॉर्ड ऑफिस परराज्यात होते. तेथून आलेल्या पत्रात हरकत एवढीच होती की, मृत्यूच्या दाखल्यावर यांच्या वडिलांच्या नावातला एक वेलांटीचा फरक इंग्रजी लिपीत एक अक्षर कमी करून गेला होता. मग महापालिकेच्या झोन कार्यालयात दाखल्याची दुरुस्ती, नवी प्रत, पुन्हा स्पीड पोस्ट. असे एखादे पत्र जायला, कोणाच्या तरी टेबलावर पडायला आणि उत्तर यायला जो काळ लागतो, त्यात कोणाचा दुष्टपणा नसतो. पलीकडच्या माणसापुढे एक फाइल असते आणि अलीकडे महिन्याचा किराणा असतो, इतकेच.

मध्यंतरी घर कसे चालले, हे लोक विचारत नाहीत. बहुधा अवघडल्यासारखे वाटत असावे. बचत गटातून शेकडा दोन रुपये महिना व्याजाने कर्ज घेतले. किराणा दुकानात आधी पंधरा दिवसांची असलेली उधारी लांबत गेली आणि दुकानदाराने कधी तोंडावर काही म्हटले नाही, तरी तांदूळ देताना तो भाव दोनदा सांगू लागला. मे महिन्यात नागपुरात कूलरशिवाय दुपार काढणे म्हणजे काय, ते येथल्या माणसाला सांगायला नको. महावितरणचे बिल पाहून मी कूलरमधले पाणी भरणे बंद केले, नुसता पंखा ठेवला आणि दारे-खिडक्यांना ओली चादर लावली. मुलगी नववीची परीक्षा देऊन सुटीत होती, मुलगा पाचवी संपवून सहावीत जाणार होता. जूनमध्ये दोघांची फी, वह्या, गणवेश. मुलाच्या शाळेने हप्ते करून दिले. मुलीच्या शाळेने उशिराचा दंड लावला आणि दंडाची पावती अगदी वेळेवर दिली.

त्याच जूनमध्ये, १४ तारखेला, अग्निपथ योजना जाहीर झाली. सैनिक कल्याण कार्यालयाच्या बाकावर त्या दिवसांत दुसरा विषयच नव्हता. चार वर्षांनी चौघांपैकी तिघे घरी येणार, तेही पेन्शनविना, यावर मागच्या पिढीतली माणसे तावातावाने बोलत होती. बाकाच्या टोकाला एक आजी बसलेल्या असत. त्यांचे यजमान पंधरा वर्षे पुरी व्हायच्या आत फौजेतून बाहेर पडले होते, म्हणून त्यांना पेन्शन नव्हते आणि म्हणून आजींनाही नव्हते. पासष्टी ओलांडलेल्या, पेन्शन नसलेल्या हवालदार व त्याखालच्या हुद्द्यांच्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून दरमहा ४००० रुपये मिळत, त्यासाठी त्यांचा अर्ज होता. हे अनुदान ध्वजदिन निधीतून दिले जाते. लहानपणी शाळेत आपण छातीला जो छोटा कागदी ध्वज लावून घेतो, त्याचे पैसे अशा वाटेने कोणापर्यंत तरी पोहोचतात, हे मला त्या बाकावर समजले. आजी चर्चा ऐकून म्हणाल्या, “आमच्या वेळेस बी असंच होतं, फक्त नाव नव्हतं.”

आणखी एक गोष्ट तेथेच ध्यानात आली आणि ती लिहिण्यात कोणाचा अनादर करण्याचा हेतू नाही. युद्धात किंवा चकमकीत जवान गेला तर त्याच्या पत्नीला उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, म्हणजे शेवटच्या वेतनाइतके पूर्ण. आणि ते रास्तच आहे. निवृत्तीनंतर घरी गेलेल्या जवानाच्या पत्नीला साधारण कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. समाजाच्या नजरेतही तीच विभागणी आहे. तिरंग्यात आलेल्या जवानाच्या घरी गाव लोटते. मॉलच्या दारावर रात्रपाळी करून गेलेल्या माजी नाईकाच्या घरी चार शेजारी येतात. सियाचीनची थंडी आणि राजस्थानची वाळू दोघांनी सारखीच सोसलेली असते, पण त्यामुळे किराणा दुकानातली उधारी वेगळी होत नाही.

पोळा झाला, मारबत निघाली, गणपती गेले. दिवाळीच्या तोंडावर दुरुस्त पीपीओ निघाल्याचे कल्याण संघटकांनी फोनवर सांगितले. तोवर आणखी एक बदल चालू होता. जुन्या पेन्शनधारकांची खाती टप्प्याटप्प्याने बँकांकडून काढून संरक्षण विभागाच्या ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीत नेली जात होती आणि आमचे प्रकरण त्या स्थलांतरात मधल्या उंबऱ्यावर अडकले. बँक म्हणे, आता आमच्याकडे नाही. स्पर्शवर लॉगिन करावे तर नोंद दिसत नव्हती. शेवटी एका सेवा केंद्रातल्या मुलाने माझा अंगठा यंत्रावर पुन्हापुन्हा दाबून घेतला. शिवणकामाने आणि भांड्यांनी बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या असतात, त्या यंत्राला सापडत नाहीत. त्याने माझी बोटे ओल्या फडक्याने पुसली, डाव्या हाताची तर्जनी लावून पाहिली आणि पडद्यावर हिरवी खूण आली. नाव, जन्मतारीख, खाते क्रमांक, सगळे त्याने मोठ्याने वाचून दाखवले. नाव माझे होते.

रक्कम पाहून मात्र मी चक्रावले. माझे कुटुंब निवृत्तिवेतन त्यांच्या हातात येणाऱ्या पेन्शनपेक्षा जास्त होते. कारण सरळ आहे: कम्युटेशनची कपात पेन्शनधारकाच्या मृत्यूबरोबर संपते, आणि पहिली सात वर्षे वाढीव दराने, म्हणजे शेवटच्या वेतनाच्या ५० टक्के, रक्कम मिळते. ते होते तेव्हा घरात सतरा हजार येत; ते गेल्यावर त्याच महिन्याच्या दराने साडेसत्तावीस हजारांचा हिशेब निघाला. या वाक्यावर काय भाष्य करावे ते मला आजवर सुचलेले नाही. थकबाकी मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासूनची एकदम जमा झाली. बचत गटाचे मुद्दल आणि व्याज, किराणा, शाळेची फी आणि दंड, वकील, दिरांनी वेळोवेळी दिलेले पैसे भागवल्यावर तिच्यातले फारसे काही उरले नाही. माझ्या कर्जावर व्याज चढत होते तेव्हा त्या अडकलेल्या रकमेवर मला व्याज मिळाले नव्हते. आर्मी ग्रुप इन्शुरन्सच्या निवृत्तीनंतरच्या विम्याचे पैसे आणखी उशिरा आले. ते मुलीच्या नावाने ठेवले.

मग मुलांच्या शैक्षणिक अनुदानाकडे वळले. हवालदार व त्याखालच्या हुद्द्यांच्या माजी सैनिकांच्या आणि विधवांच्या दोन मुलांना पहिलीपासून पदवीपर्यंत, प्रत्येकी दरमहा १००० रुपये असे ते अनुदान होते. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ते दुप्पट, म्हणजे २००० रुपये झाले. लग्नाचे अनुदान ५० हजारांवरून एक लाख आणि बाकावरच्या आजींसारख्यांचे ४००० वरून ८००० झाले, तेही तेव्हाच. ही वाढ खरोखर मोठी आहे. पण अनुदानाची रचना अशी की, मूल ती इयत्ता उत्तीर्ण झाले, गुणपत्रिका हाती आली, म्हणजे मग अर्ज करायचा. फी जूनमध्ये भरायची आणि पैसे पुढचे वर्ष सुरू झाल्यावर. ज्याच्याकडे जूनमध्ये पैसे असतात, त्याला हे अनुदान परतफेडीसारखे वाटते. ज्याच्याकडे नसतात, त्याने तोवर बचत गटाकडेच जायचे. केवळ विधवांच्या मुलांपुरते तरी वर्षाच्या आरंभी निम्मे पैसे द्यावेत, असा विनंतीअर्ज मी कार्यालयामार्फत पुण्याच्या सैनिक कल्याण विभागाकडे पाठवला आहे.

मुलगी आता बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे, मुलगा नववीत. माझ्या वाढीव दराची सात वर्षे फेब्रुवारी २०२९ मध्ये संपतील आणि रक्कम शेवटच्या वेतनाच्या ३० टक्क्यांवर येईल. जुलै २०२५ पासूनच्या ५८ टक्के महागाई भत्त्याच्या हिशेबात ते तेहतीस हजारांवरून वीस हजारांच्याही किंचित खाली जाणे आहे. त्या घसरणीसाठी मला कोणताही अर्ज करावा लागणार नाही, प्रतिज्ञापत्र लागणार नाही, नाव जुळते की नाही हे कोणी पाहणार नाही. ती ठरल्या दिवशी आपोआप होईल. मुलगा तेव्हा बारावीच्या परीक्षेत असेल. त्यासाठी २०२४ च्या मार्चमध्ये मी पोस्टात पाच वर्षांची आरडी उघडली आहे, दरमहा चार हजारांची, आणि शिवणाचे मशीन विजेच्या मोटारीवर करून घेतले आहे.